खोऱ्याची राखण आणि पाण्याचा वाटा



वसंतात व्याख्याने ठेवण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे असा शिरस्ता आहे, आणि तो काही वाईट नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकापाशी, युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या एका कपाटाशी आणि अशाच मांडवांत मागच्या रांगेत बसून. म्हणून चालकांनी जेव्हा ‘नदीखोऱ्याच्या जमिनीचे व पाण्याचे रक्षण आणि लोकांची भागीदारी’ हा विषय आमच्या पदरात घातला, तेव्हा आम्ही म्हटले की, आम्ही इंजिनियर नव्हे आणि शेतकीचे पदवीधरही नव्हे. त्यावर ते म्हणाले, ‘भागीदारी या शब्दावर बोला.’ तो शब्द मात्र आमच्या धंद्यातला आहे. गेली तीस वर्षे आम्ही करारांची कलमे वाचत आणि त्यांवरून भांडत आलो. भागीदारी म्हटली की आम्ही पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो : कोणाचा वाटा किती? हाच प्रश्न आज खोऱ्याला विचारायचा आहे.

आमचे गाव कामथडी. पुणे-सातारा हमरस्त्यावरून जाताना मोटारी आमच्या गावापाशी क्वचितच थांबतात. पण गावाच्या नावात थडी आहे आणि थडी म्हणजे नदीचा काठ, एवढे तरी जाणाऱ्याने ध्यानात घ्यावे. भोर आणि वेल्हे हे दोन तालुके म्हणजे नद्यांचे माहेर. वेल्ह्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण जुने नाव आमच्या तोंडून लवकर जाणार नाही. वरंधा घाटाच्या माथ्याजवळ शिरगावच्या बाजूला नीरा उगम पावते. वेळवंड खोऱ्यातून वेळवंडी येते, राजगड-तोरण्याच्या अंगाने गुंजवणी आणि कानंदी येतात, सिंहगडाच्या बाजूने शिवगंगा येते. ही सारी पाणी नीरेला मिळतात, नीरा नरसिंहपुराला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. आमच्या डोंगरावर पडलेला थेंब अशा रीतीने बंगालच्या उपसागराला जाऊन पोचतो.

सगळेच थेंब अर्थात इतके लांब जात नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला. १९२० च्या दशकात भाटघरचे आजचे मोठे धरण बांधून झाले. मग वीर, नीरा-देवघर आणि गुंजवणी. या चार धरणांत मिळून सुमारे ४८ टीएमसी पाणी मावते; त्यातले जवळजवळ निम्मे, म्हणजे साडेतेवीस टीएमसी, एकट्या भाटघरचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस, पार पंढरपूरपर्यंत शेती उभी आहे, कारखाने उभे आहेत. ती शेती करणारेही आमचेच भाऊबंद आहेत. त्यांचा हेवा करण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो नाही.

पण वैशाखात भाटघरचे पाणी उतरले की एकदा कांबऱ्याला जाऊन यावे. वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखाली असलेले कांबरेश्वराचे देऊळ त्या वेळी उघडे पडते. माणसे दर्शनाला जातात, फोटो काढतात. देऊळ पाहताना आमच्या मनात येते की, देवळाभोवती शेते होती, घरे होती. ती ज्यांची होती त्यांनी हे धरण भरण्यासाठी आपले सगळे दिले. आणि त्याच दिवसांत डोंगराच्या अंगावरच्या वाड्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.

पाऊस उदंड आणि पाणी नाही, हे कसे? याचे उत्तर आमच्या दगडात आहे. सह्याद्रीचा काळा पत्थर मोठा कठीण. त्याच्या पोटात पाणी मावते ते वरच्या मुरुमात, कुजलेल्या खडकाच्या थरात आणि भेगांत. त्या थराला वरून मातीची आणि झाडोऱ्याची गोधडी हवी. गोधडी असली की पावसाचे पाणी सावकाश मुरते आणि झऱ्याच्या रूपाने माघ-फाल्गुनापर्यंत थोडे थोडे बाहेर येत राहते. गोधडी फाटली की तेच पाणी चार महिन्यांत धावत सुटते आणि जाताना माती घेऊन जाते. कोळशासाठी रान तुटले, उतारावरच्या नाचणी-वरईच्या शेतांचे ताल ढासळले, आणि अलीकडे बंगल्यांच्या प्लॉटांसाठी डोंगराच्या कडा यंत्राने कापल्या जातात. ती सगळी माती शेवटी जाते कुठे? धरणाच्या तळाशी. म्हणजे वरच्याची जमीन गेली आणि खालच्याची साठवण गेली. दोघेही बुडाले, आणि दोघेही एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत.

यावर उपाय काय, हे आता गुपित राहिलेले नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, वर समपातळीत चर खणावेत, उतारावर झाड-गवत राखावे, ओघळीत दगडांचे छोटे बांध घालावेत, मग खाली नाल्यावर बंधारा. शाळेतली मुलेसुद्धा हे पाठ म्हणतात. मग होत का नाही? आणि झालेले टिकत का नाही? या ठिकाणी आम्हांला आमच्या फजितीची हकीकत सांगितली पाहिजे.

२००९ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्याच खोऱ्यातल्या एका वाडीवर श्रमदान काढले. वाडीचे नाव घेत नाही, कारण चूक वाडीची नव्हती. आमच्या युनियनचे तरुण कामगार दर सुट्टीला ट्रकमध्ये बसून तेथे जात. आम्ही भाषण करायचे, ‘पाणी सर्वांचे’ अशी घोषणा द्यायची, की घमेली चालू. सर्वांत जास्त घमेली वाहिली ती वाडीतल्या कातकरी आणि धनगर घरांतल्या बायकांनी. त्यांतल्या बहुतेकींना जमीन नव्हती. असली तरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, खडकाळ. पावसाळ्यापूर्वी बंधारा झाला. दिवाळीत पाणी तुडुंब. आम्ही पेढे वाटले.

पाणी मुरले ते खालच्या चार विहिरींत. त्या चार घरांनी पुढच्या वर्षी मोठे पंप बसवले आणि कांदा लावला. त्यांनी काही चोरी केली नाही. विहीर त्यांची, जमीन त्यांची. पण फेब्रुवारी उजाडताच वाडीचा हातपंप पूर्वीसारखाच खडखडू लागला. तिसऱ्या वर्षी बंधाऱ्यात गाळ भरला, म्हणून आम्ही पुन्हा दवंडी दिली. ट्रकभर कामगार घेऊन गेलो. वाडीतून एकही माणूस आला नाही. आम्हांला राग आला. आम्ही घरोघर गेलो आणि लोकांना आळशी म्हणालो, हेही आज कबूल करतो. तेव्हा एक म्हातारी उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, ‘दादा, तुमच्या कंपनीत पगार ठरवल्याबिगर तुम्ही कुनाला कामाला हात लावू देत न्हाई म्हनं. मग आमच्या डोक्यावर घमेलं देताना पान्याचा पगार का न्हाई ठरवला?’

श्रोतेहो, मालकांच्या मोठमोठ्या वकिलांना आम्ही उत्तरे दिली आहेत. त्या म्हातारीला देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तो बंधारा आजही आहे. त्याच्यात गाळ आहे आणि गाळावर टणटणी वाढली आहे.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे पाहण्याची रीत बदलली, आणि कपाटातली पुस्तके पुन्हा चाळली. तेव्हा ध्यानात आले की, ज्यांनी हे काम खरोखर केले त्यांनी वाटा आधी ठरवला आणि बांध नंतर घातला. त्यांतली पहिली शाळा तर आमच्या शेजारी होती. कापूरहोळहून नारायणपूरमार्गे सासवडला एस.टी. जाते, तो पुरंदर तालुका. १९७२ च्या दुष्काळात तेथे हजारो माणसे खडी फोडत होती. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार ते पाहायला गेले आणि पाहून परत आले नाहीत, असेच म्हटले पाहिजे. १९७४ साली त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेतली, बांधबंदिस्ती केली, पायथ्याला तलाव केला, त्याच्याखाली विहीर खणली, आणि पडीक माळावर पीक उभे केले. एवढे कोणी कष्टाळू माणूस करू शकेल. त्यांचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी पाणी पंचायत काढली आणि तिचे नियम आधी मांडले. योजना गटासाठी, एकट्यासाठी नाही. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसांच्या डोक्यांवर मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी भरायचा. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. पुढे त्यांतल्या कित्येक योजना बंद पडल्या, हे लपवू नये. पंप चालवणे आणि विजेची बिले भरणे हे सोपे काम नव्हे. पण नियम चुकीचे होते असे आम्हांला कोणी दाखवून दिलेले नाही.

दुसरी हकीकत आम्हांला घरची वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांत होते. आम्ही शाळकरी होतो. वडील पत्र्याची ट्रंक घेऊन हमरस्त्यावर उतरले ते आठवते. पुढे कित्येक महिने ते ओट्यावर बसून असत. त्याच काळात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातही गिरणी कामगार असेच ट्रंका घेऊन परतले होते. गावात दुष्काळ होता. पण तेथे ते नुसते ओट्यावर बसले नाहीत. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या साथीदारांबरोबर त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली आणि ‘दुष्काळ का पडतो?’ याचा अभ्यास मांडला. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीच्या पोटातले पाणीही जाते. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठरवले की वाळू आमची आहे. तीतली थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचे धरण बांधू. त्यासाठी सरकारशी झगडावे लागले. ८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा वाटा होता आणि उसाला फाटा दिलेला होता. वाचताना आमच्या मनात आले, आमच्या वडिलांच्या हातांतही बळ होते आणि आमच्या गावालाही नदी होती. करार करणारे कोणी नव्हते.

येथे कोणी म्हणेल, गावात आपसांत वाटा ठरेल; पण सबंध खोऱ्याचे काय? वरचा आणि खालचा यांचा करार कुठे झाला आहे? झाला आहे. चंदीगडची सुखना तलावाची गोष्ट पाहा. १९५८ साली बांधलेला तलाव थोड्याच वर्षांत गाळाने भरू लागला. मृद्‍संधारणाचे तज्ज्ञ पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत सुखोमाजरी या खेड्यात पोचले. तेथल्या डोंगरावर गुरे-शेळ्या चरून माती उघडी पडली होती. चराई बंद करा म्हटले तर लोकांनी खायचे काय? १९७६ साली तेथे मातीचे छोटे धरण झाले. पण पाणी मोजक्याच शेतांना मिळू लागले आणि बाकीच्यांनी तक्रार केली, आमच्या वाडीसारखेच. फरक एवढाच की त्यांनी तक्रार ऐकली. प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो वा नसो, सारखा वाटा दिला. लागलीच गावाने आपण होऊन डोंगर राखला. कुंपण घालावे लागले नाही. गवत वाढले, दूध वाढले, आणि खाली शहराच्या तलावात येणारा गाळ कमी झाला.

न्यूयॉर्क शहराने तर हे उघड कागदावर मांडले. त्या शहराचे पिण्याचे पाणी लांबच्या कॅट्सकिल डोंगरातून येते. पाणी गढूळ होऊ लागले तर शुद्ध करण्यासाठी अवाढव्य कारखाना उभारावा लागला असता. त्याऐवजी १९९७ साली शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला : तुम्ही ओढे आणि जमीन राखा, खर्च आम्ही देऊ. शहरवाल्यांनी दया केली असे समजू नये. त्यांनी हिशेब केला, आणि तो त्यांना स्वस्त पडला.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन व्हावे म्हणून अधिनियम झाला. त्याने कालव्याखालच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. चांगली गोष्ट झाली. पण जो धरणाच्या वर राहतो, ज्याच्या डोंगरावरून पाणी धरणात येते, त्याची संस्था कोणती? त्याच्यासाठी योजना येतात, समित्या होतात. योजना संपली की समिती संपते, आणि चर बुजले तरी विचारायला कोणी उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर खालचा कामगार कायम झाला आहे आणि वरचा अजून रोजंदारीवर आहे.

म्हणून आम्ही या मांडवात एक मागणी ठेवतो. गुंजवणी-शिवगंगेच्या खोऱ्यापासून आरंभ करून आपण खोऱ्याचा करार करावा. त्यात थोडीच कलमे असावीत, पण ती कुदळ मारण्यापूर्वी लिहिलेली असावीत. पहिले, खोऱ्यातले प्रत्येक घर सभासद, आणि सभासदत्व नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोघांच्या नावे. कारण हंडा कोण वाहतो हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे, पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्याप्रमाणे पिके ठरवावीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. आधी पिण्याचे, मग गुरांचे, मग शेतीचे. तिसरे, भूमिहीनाचा वाटा. चौथे, डोंगर कापणे, उतारावरचे रान तोडणे आणि ठरल्यापेक्षा जास्त पंप चालवणे यांना दंड, आणि तो सर्वांना सारखा, सरपंचाच्या मेव्हण्यालाही. पाचवे, खालच्यांनी वरच्या राखणीचा खर्च द्यावा : कालव्याच्या पाणीपट्टीतला आणि हमरस्त्यालगतच्या कारखान्यांच्या पाणीबिलातला एक ठरीव हिस्सा दरवर्षी पाणलोटाच्या कामावर यावा, आणि त्या कामाची मजुरी वरच्या वाड्यांतल्या माणसांना मिळावी.

यावर शंका येतील. जमीन नाही त्याने पाणी घेऊन काय करायचे, असे आम्हांला नेहमी विचारतात. तो आपल्या वाट्याच्या जोरावर वाट्याने जमीन करील. ज्याच्याकडे जमीन आहे पण पाणी नाही त्याच्याशी भागी करील. नाहीतर दोन म्हशी पाळील. आजवर तो हात जोडून दारात येत असे, आता तो भागीदार म्हणून येईल. काहींना नेमके तेच नको असते. पण मग भागीदारी हा शब्दही त्यांनी वापरू नये. पाण्याच्या बाबतीत माणसामाणसांत भेद करण्याचे पाप आपल्या समाजाने फार केले आहे. वरंधा उतरले की महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ७० च्या दशकात हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र पालथा घातला. पाणवठा एक झाला तर पाण्याचा वाटाही एक मापाने झाला पाहिजे. ते काम अर्धे राहिले आहे.

दुसरी शंका अशी की, खालचे पैसे देणार नाहीत. मागितल्याशिवाय कोण देतो? मालकाने बोनस आपण होऊन दिल्याचे आम्ही पाहिलेले नाही. पण मागताना हिशेब दाखवावा लागतो. धरणात साठणारा गाळ हा खालच्यांचाच तोटा आहे. साठवण गेली की कालव्याची पाळी लांबते, हे माळशिरसच्या शेतकऱ्याला आमच्याहून चांगले समजते. त्याच्याकडे मोर्चा नेण्याआधी त्याला आमच्या डोंगरावर बोलवावे, भाकरी खाऊ घालावी आणि ताल ढासळलेली नाचणीची शेते दाखवावीत. संघटनेत आम्ही एक शिकलो : दोन खात्यांचे कामगार एकमेकांच्या खात्यात जाऊन आले की अर्धे भांडण तेथेच मिटते.

तिसरी शंका, हे सगळे सरकारने करावे. सरकारने पैसा द्यावा, मोजणी करावी, कायद्याचे बळ द्यावे. ते मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. पण ओघळीतला दगड निसटला हे पहिल्यांदा गुराख्याला दिसते, मंत्रालयाला नाही. तो दगड त्याने परत लावावा असे वाटत असेल, तर त्या ओघळीच्या पाण्यात त्याचा वाटा असला पाहिजे.

ती म्हातारी आता नाही. तिचे घर आहे, सून आहे, नातवंडे आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी त्या वाडीवर पुन्हा जावे असे आमच्या मनात आहे. या वेळी ट्रक नेणार नाही आणि घमेलीही नेणार नाही. एक कागद नेणार आहोत. चार विहिरींच्या मालकांना आणि वरच्या घरांना एका सतरंजीवर बसवून तो कागद भरायचा, सर्वांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, आणि मग गाळ काढायचा. सह्या झाल्या नाहीत तर गाळ तसाच राहील आणि आम्ही पुन्हा जाऊ. करारासाठी फाटकापाशी बसून राहण्याची आम्हांला सवय आहे. आपणांपैकी ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव द्यावे.